कमी उंचीवरच्या कसरती आणि खाली उभे असलेले आपण

विमानात उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरला घड्याळासारखे काटे असतात. आखूड काटा हजार फुटांचा, लांब काटा शंभराचा. एरवी तो लांब काटा इतक्या सावकाश सरकतो की नवशिक्याचं त्याच्याकडे लक्षही जात नाही. मी विमान शिकत होतो तेव्हाची गोष्ट. एका सकाळी सरांनी सेस्ना १५२ पाच हजार फुटांवर नेलं, इंजिन कमी केलं, नाक वर धरून ठेवलं आणि वेग संपत आला तसा डावा रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू वळवणारं पेडल, पूर्ण दाबला. विमान डाव्या पंखावर कलंडलं. समोरच्या काचेत आकाश होतं तिथे शेतं आली, गरगर फिरणारी. मी डोळे फाडून बाहेर बघत होतो. "बाहेर नको, काटा बघ," सर ओरडले. लांब काटा उलटा धावत होता. एक आकडा वाचावा तोवर पुढचा येत होता. दीडेक गिरकीनंतर सरांनी विमान सोडवलं, उताराला लागलेलं नाक हळूहळू वर घेतलं. काटा थांबला तेव्हा आम्ही साडेतीन हजारांवर होतो. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. सर एवढंच म्हणाले, "आता हेच पाचशे फुटांवर झालं असं समज."

त्या विमानाच्या पुस्तिकेतही हा हिशोब दिलेला आहे. एक गिरकी आणि तिच्यातून सुटका, साधारण हजार फूट. हे हजार फूट चांगल्या वैमानिकाला लागतात, सगळं बरोबर केलं तर लागतात. पाचशे फुटांवर असलेल्या माणसाला ते कुणी उसने देत नाही.

हवाई कसरतींना माझा मुळीच विरोध नाही. उलट, विमान उलटं झालं तर काय करायचं हे प्रत्येक वैमानिकाने अंगाने शिकलेलं असावं, नुसतं वाचलेलं नसावं, असं माझं ठाम मत आहे. पण त्या शिकायच्या उंचावर. १९१३ साली कीव्हमध्ये रशियन सैन्यातल्या प्योत्र नेस्तेरोव्हने जगातला पहिला लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ काढणारी कोलांटी, मारला, तो हजार मीटरच्या आसपास चढून. विमान कसं वागेल हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याने आधी पुरेशी उंची घेतली. सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला अटकेची शिक्षा झाली आणि नंतर बढतीही मिळाली. पहिल्या माणसाला जे कळलं होतं ते पुढे शंभर वर्षं लोक का विसरत आले, हा माझा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर मला विमानात बसलेल्या माणसापेक्षा खाली उभं राहून बघणाऱ्यांत जास्त सापडतं.

आपल्याकडचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण संजय गांधींचं. २३ जून १९८०. सकाळी आठच्या सुमारास दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून दिल्ली फ्लाइंग क्लबचं पिट्स एस-२ए उडालं. दोन माणसांचं, दोन मजली पंखांचं, खास कसरतींसाठीच बनवलेलं छोटं विमान. आत संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना. शहराच्या ऐन मध्यावर, वस्तीवर, कमी उंचीवर लूप मारताना ताबा सुटला आणि विमान विलिंग्डन क्रेसेंट या रस्त्याजवळ झाडीत कोसळलं. दोघेही जागच्या जागी गेले. संजय गांधी ३३ वर्षांचे होते, अमेठीतून निवडून येऊन सहा महिनेही झाले नव्हते, मुलगा तीन महिन्यांचा होता.

या अपघाताबद्दल आपण ४५ वर्षं बोलत आहोत, पण बोलतो ते राजकारणाबद्दल. तो जगला असता तर काय झालं असतं, काँग्रेसचं काय झालं असतं, कुणाचा हात होता का. विमानाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आणि सक्सेनांबद्दल तर नाहीच. अनुभवी वैमानिक शेजारी असूनही विमान पडलं, याचा अर्थ काय हे आपण कधी विचारलंच नाही. संजय गांधी कुर्ता-पायजम्यात आणि कोल्हापुरी चपला घालून विमान चालवायचे, असं त्या काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. पायात मोकळी चप्पल घालून रडरवर पाय ठेवणाऱ्या माणसाला क्लबातल्या कुणीही "आधी बूट घालून या" असं सांगू शकलं नसेल, तर "या उंचीवर लूप नको" हे कोण सांगणार होतं? पंतप्रधानांच्या मुलाला नाही म्हणायला अंगात फार बळ लागतं. मी त्या जागी असतो तर म्हणालो असतो का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण सुरक्षा त्या एका "नाही"वर उभी होती, हे मला स्वच्छ दिसतं.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण "हात चांगला असला की काही होत नाही" ही समजूत इथेच मोडते.

पंखाला विमान तोलून धरता येईल असा एक किमान वेग असतो. त्याखाली गेलं की पंख काम सोडतो. वैमानिक त्याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. लोकांना वाटतं हा वेग ठरलेला असतो. तो ठरलेला नसतो. विमान ६० अंश कलवून उंची न सोडता वळवलं की पंखावरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी चढतो. सरळ उडताना ५० नॉटला (नॉट हे विमानाचा वेग मोजायचं एकक) स्टॉल होणारं विमान त्या वळणात ७० नॉटला स्टॉल होतं. चौपट भार पडेल इतक्या जोरात नाक ओढलं तर १०० नॉटला. म्हणजे वेगाचा काटा भरपूर वेग दाखवत असताना, इंजिन पूर्ण जोरात गुरगुरत असताना पंख सुटतो.

लूपमध्ये हीच गोष्ट जीवघेणी होते. वर चढताना वेग गळत जातो, शेंड्यावर विमान जेमतेम तरंगत असतं. तिथून नाक खाली वळलं की परतीचं अर्धं वर्तुळ किती जागा घेणार, हे शेंड्यावरच्या उंचीने आणि वेगाने जवळपास ठरून गेलेलं असतं. जमीन वेगाने वाढताना दिसते आणि हात आपोआप नाक ओढतो. हलकं ओढलं तर वर्तुळ मोठं होतं आणि जमीन आडवी येते. जोरात ओढलं तर स्टॉल. या दोन्हींच्या मधली फट उंचावर रुंद असते, खाली ती केसाएवढी होते. १०० नॉटने सरळ खाली येणारं विमान पाचशे फूट तीन सेकंदांत संपवतं. "अरे, चुकलं" हे कळायलाच त्यातला एक सेकंद जातो.

यात आपल्या शहरांवर घिरट्या घालणाऱ्या घारी, टॉवर, तारा धरलेल्याच नाहीत.

आणि यंत्र कितीही शहाणं केलं तरी हे बदलत नाही. अमेरिकेत आयकॉन ए-५ नावाचं दोन आसनांचं, पाण्यावर उतरणारं, पंख मिटून ट्रेलरवर नेता येणारं देखणं विमान निघालं. सहजासहजी गिरकीत जाणार नाही अशीच त्याची रचना. स्टॉल किती जवळ आहे हे दाखवणारा मोठा काटा डोळ्यांसमोर. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ते घेऊन रॉय हॅलाडे उडाला. बेसबॉलमधला फार मोठा गोलंदाज, तिकडच्या मुलांच्या खोल्यांत भिंतीवर ज्याची चित्रं असतात असा. विमान मिळून जेमतेम महिना झाला होता, पण उड्डाणाचा अनुभव सातशे तासांच्या आसपास, म्हणजे नवखा नव्हता. त्या दिवशी तो पाण्यावरून ११ फुटांवर गेला, नाक वर काढून चढला, पुन्हा सूर मारला, आणि शेवटच्या चढानंतर विमान पाण्यात आपटलं. वय ४०. त्याच्या रक्तात अनेक औषधांचे अंश सापडले, आणि त्या धुंदीत कमी उंचीवर केलेल्या आक्रमक कसरती हे अपघाताचं कारण असल्याचं तपास यंत्रणेने लिहिलं.

या प्रकरणातली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट वेगळी आहे. अपघाताच्या आठवडाभर आधी त्याने स्वतःच सगळ्या जगाला सांगितलं होतं की हे विमान पाण्यालगत उडवताना लढाऊ विमान चालवल्यासारखं वाटतं. लोकांनी ते वाचलं, त्यांना ते आवडलं. अपघाताच्या दिवशी जवळच्या बोटीवरची माणसं त्याच्या सुरांचं चित्रीकरण करत होती. विमानातलं नोंदणी यंत्र प्रत्येक सेकंदाची उंची, वेग, कल लिहून ठेवत होतं. ती नोंद पहिल्यांदा उघडून बघितली गेली ती तो गेल्यावर.

त्याच वर्षी ८ मे रोजी कॅलिफोर्नियात याच विमानाचा आणखी एक अपघात झाला होता. चालवणारा कंपनीचाच कसलेला अभियंता-वैमानिक. शेजारी कंपनीत नुकताच रुजू झालेला अधिकारी. तलावावरून खाली उडत ते एका दरीत शिरले, ती पुढे बंद होती, वळायला जागा उरली नाही. कसरत अशी त्यात काही नव्हतीच, नुसतं खाली उडणं होतं. तो शेजारचा माणूस माझ्या मनातून जात नाही. नवी नोकरी, पहिले दिवस, बाजूला कंपनीतला सर्वांत जाणता माणूस. "सर, जरा वर घेऊ या का?" हे वाक्य त्याच्या तोंडून कसं निघणार?

यावर नेहमीचा युक्तिवाद असा येतो की विमान माझं, पेट्रोल माझं, जीव माझा. इतरांनी मध्ये पडू नये. मला हा युक्तिवाद एका मर्यादेपर्यंत मान्य आहे. गिर्यारोहकाला, खोल पाण्यात सूर मारणाऱ्याला आपण अडवत नाही. पण इंग्लंडमधल्या शोरॅमचं काय करायचं? २२ ऑगस्ट २०१५ रोजी तिथल्या प्रदर्शनात हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट लूपमधून वर आलंच नाही, ते शेजारच्या ए-२७ महामार्गावर पडलं. विमान लहान नव्हतं, पण सैन्याचंही नव्हतं. खासगी हातांत असलेलं, हौसेने जपलेलं. लूपला किमान ३५० नॉट वेग हवा होता, तो ३१० च्या आसपास होता. शेंड्यावर किमान ३,५०० फूट हवे होते, मिळाले २,७०० च्या सुमारास. तिथूनही कसरत सोडून देऊन वाचता आलं असतं. खाली रस्त्यावर ११ माणसं मेली. कुणी फुटबॉलच्या सामन्याला निघालं होतं, एक जण सजवलेली गाडी घेऊन नवरीला आणायला चालला होता. यातल्या कित्येकांनी प्रदर्शनाचं तिकीटही काढलेलं नव्हतं. वैमानिक गंभीर जखमी होऊन वाचला, पुढे २०१९ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं, आणि २०२२ च्या मृत्यू-चौकशीत त्या ११ जणांचा मृत्यू बेकायदा ठरला. कायद्याने कुणाचं काय ठरवलं हा माझा विषय नाही. मला सांगायचंय ते हे की वरच्या माणसाने पत्करलेली जोखीम खालच्यांच्या अंगावर त्यांना न विचारता पडली. आणि याच वैमानिकाचं एक प्रदर्शन आदल्या वर्षी सुरक्षेच्या कारणाने मध्येच थांबवावं लागलं होतं. म्हणजे इथेही कुणाला तरी आधी दिसलं होतं.

हे "आधी दिसलेलं असणं" मला पुन्हा पुन्हा भेटतं. खासगी विमानांतून थोडं बाहेर जाऊन एक प्रसंग सांगतो, कारण याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. अमेरिकन हवाई दलातला बड हॉलंड नावाचा एक लेफ्टनंट कर्नल बी-५२ हे आठ इंजिनांचं अजस्र बॉम्बफेकी विमान छोट्या विमानासारखं वाकडंतिकडं, खालून फिरवायचा. तीन वर्षं सगळा तळ बघत होता. तोंडी समज दिली जायची, कागदावर काही राहायचं नाही, अधिकारी बदलून जायचे. मार्क मॅकगीहन या दुसऱ्या अधिकाऱ्याने त्याला उड्डाणापासून रोखण्याची मागणी केली, ती मानली गेली नाही. तेव्हा मॅकगीहनने ठरवलं की आपल्या हाताखालच्या पोरांना या माणसाबरोबर पाठवायचं नाही. जायचं तर आपण स्वतः जायचं. २४ जून १९९४ रोजी फेअरचाइल्ड तळावर, प्रदर्शनाच्या सरावात, ते विमान अतिशय खालून जवळजवळ उभं कलवून वळताना स्टॉल होऊन पडलं. आत चौघे होते, मॅकगीहन त्यातला एक. त्याची पत्नी आणि धाकटी दोन मुलं घराच्या मागच्या अंगणातून हे बघत होती.

जिथे हुद्दे आहेत, शिस्त आहे, लेखी नियम आहेत, तिथे हे झालं. मग चार-दोन हौशी माणसांच्या क्लबात काय होत असेल?

काय होतं ते मी पाहिलं आहे. आमच्याकडे एक सीनियर होते, हात अतिशय सुंदर. आम्ही पोरं त्यांच्यावर जीव टाकायचो. एका संध्याकाळी उतरण्याआधी त्यांनी हँगरच्या छपरावरून विमान नेलं, इतकं खालून की दोरीवर वाळत घातलेले फडके उडाले, आणि पुढे जाऊन उभ्या चढात नेऊन एका पंखावर उलटवलं. आम्ही सात-आठ जणांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. हँगरमधले मेकॅनिक काका मात्र विमान येताना दिसलं तसे पाठ फिरवून आत गेले आणि पाना घेऊन कामाला लागले. मी विचारलं, "काका, बघितलं नाही?" ते म्हणाले, "तुम्ही बघता म्हणून तो करतो. रिकाम्या मैदानावर कधी कुणी केलंय का?" मला तेव्हा त्यांचा राग आला होता. वाटलं, म्हातारा माणूस, मजा कळत नाही. त्या दिवशीच्या वहीत त्या उड्डाणापुढे फक्त वेळ लिहिली गेली. त्या सीनियरना काहीही झालं नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. नव्वद वेळा काही होत नाही. प्रत्येक वेळी काही न झाल्याने पुढच्या वेळची उंची थोडी कमी होते आणि बघणाऱ्याची भीती थोडी मरते. त्या टाळ्यांत माझेही हात होते.

आता तर बघणारे फक्त मैदानावर नसतात. खिशातल्या फोनमधून ती कसरत लाखभर लोकांपर्यंत जाते, आणि खालून घेतलेल्या दृश्यात विमान जितकं जमिनीजवळ तितकं ते थरारक दिसतं. पाच हजार फुटांवरचा निर्दोष लूप खालून ठिपक्याएवढा दिसतो, त्याला कोण दाद देणार? म्हणजे चांगलं काम दिसत नाही आणि धोक्याचं काम नजरेत भरतं.

नियम नाहीत असं नाही. वस्तीवरून जाताना ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान ३०० मीटर राहावं, हा जगभर आणि आपल्याकडेही पाळायचा नियम आहे. अमेरिकेत कसरतींसाठी १,५०० फुटांची तळरेषा आहे, वस्तीवर त्या करायच्याच नाहीत. प्रदर्शनात याहून खाली यायचं असेल तर परीक्षकासमोर सिद्ध करावं लागतं, आणि तेही टप्प्याटप्प्याने: आधी ८०० फूट, मग ५००, मग २५०, आणि त्यानंतर कुठे मोकळीक. ही पायऱ्यांची पद्धत मला फार शहाणी वाटते, कारण ती माणसाच्या धाडसाला शिक्षा करत नाही, त्याला रांगेत उभं करते. आपल्याकडे हौशी खासगी उड्डाण वाढायच्या आधीच ही पद्धत जशीच्या तशी आणली पाहिजे. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथे आज पोरं विमान शिकत आहेत. त्या धावपट्ट्यांवर असले प्रकार चालतात असा माझा आरोप नाही. पण त्यांच्या भोवती ऊस आहे, कापूस आहे, शाळा सुटल्यावर बांधावरून घरी जाणारी मुलं आहेत, आणि उद्या तिथे स्वतःचं विमान घेऊन येणारा कुणी बडा माणूस असणार आहे. त्याला नाही म्हणण्याची जबाबदारी वीस वर्षांच्या शिकाऊ पोरावर किंवा पगारी प्रशिक्षकावर टाकून चालणार नाही. त्यासाठी कागद लागतो.

म्हणून मला दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली अशी की प्रत्येक खासगी विमानातली उड्डाणाची नोंद महिन्यातून एकदा तरी क्लबाबाहेरच्या माणसाने उघडून बघावी. साधनं स्वस्त झाली आहेत, साध्या जीपीएसनेही उंची आणि वेग कळतो. हॅलाडेचे ते ११ फूट तो जिवंत असताना कुणीतरी वाचायला हवे होते. दुसरी अशी की कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहील आणि कळवलेलं कागदावरच राहील, तोंडी समज देऊन मिटवलं जाणार नाही. मॅकगीहनच्या तळावर तोंडी समज पुष्कळ दिल्या गेल्या होत्या.

ठरलेल्या उंचीखाली कसरत करायची असेल तर शेजारची जागा रिकामी असावी, हेही मला नियमात लिहिलेलं हवं आहे. तोवर, कुणी ओळखीचा माणूस हौसेने "चल, तुला फिरवून आणतो" म्हणाला तर पट्टा बांधायच्या आधी त्याला विचारा, काही कसरत करणार आहेस का, आणि करणार असशील तर किती उंचीवर. जो माणूस आकडा सांगतो, त्याच्याबरोबर जा. जो हसून "घाबरू नकोस" म्हणतो, त्याच्या विमानातून उतरा, आणि उतरून तिथेच त्याचं कौतुक बघत उभे राहू नका.